दादाची राहिलेली इच्छा

प्रिय दादा,

आज तुझा दहावा झाला. कावळा शिवला नाही, म्हणून लिहितोय. दुसरं कुणाला सांगू?

तुझं दहन तिकडे जर्मनीत झालं. पिंड मात्र मी इथे, भाट्याच्या किनाऱ्यावर ठेवला. सुरूच्या झाडांवर कावळे बसले होते. एकही खाली येईना.

"इच्छा राहिल्ये त्याची," दत्ताकाका म्हणाले. "बोल काहीतरी."

"आंब्याच्या कलमांची काळजी घेईन," मी म्हणालो. नाही. "वर्षश्राद्ध चुकवणार नाही." नाही.

"घरातला वाटा लेकीला, लीनाला देतो म्हण की रे! तिथेच अडलं असेल."

तेही म्हणालो. कावळे बघत राहिले. मग मला पुढे सुचेना. दादा, तुला काय हवं असायचं? शेवटचं कधी विचारलं होतं मी?

तुझा कारखाना बंद होऊन त्याचं काम चाकणला आलं, तेव्हा मी किती आनंदाने फोन केला होता! "काम इकडे आलं, आता तूही ये." तू म्हणालास, "इथे माणसं आहेत रे माझी." मग आम्ही कोण होतो? तेव्हा विचारलं नाही.

किनाऱ्यावरूनच कारीनवहिनीला फोन लावला. तिचं इंग्रजी माझ्यासारखंच, सावकाश. तुझी कुठली इच्छा राहिली, ते विचारलं. ती म्हणाली, तिथल्या गावच्या अग्निशमन दलात तू बिनपगारी जायचास. नवा बंब यायचाय. पहिल्या दिवशी तो तूच चालवायचा, असं ठरलं होतं.

आग विझवायला जायचास? तू? हे मला वाळूत उभं राहून कळावं!

मी हात जोडले. मोठ्याने म्हणालो, "दादा, नवा बंब येईल. तुझे सोबती तो नीट चालवतील."

"आता कावळा जर्मनीहूनच मागवा," मागून कुणीतरी म्हणालं. लोक हसले. मीही हसलो. तू असतास तर सगळ्यांत मोठ्याने हसला असतास. की नसतास?

कावळा आला नाही. भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला. ऊन तापलं होतं. माणसं घरी गेली.

कदाचित बंबही नसेल. वहिनीलाही ठाऊक नाही असं काही असेल.

मे महिन्यात ती आणि लीना इथे येतायत. तुझं लहानपण मी लीनाला सांगेन, ती विचारेल तेवढं. पुढचा तू तिच्याकडून ऐकेन. मध्ये बोलणार नाही, दादा. कबूल.

तुझाच,
नंदू