माधवनगरच्या भट्टीची निरवानिरव

मी, राहीबाई कृष्णात माने, वय पंचावन्न, धंदा बेकरी, राहणार माधवनगर, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवीत आहे. दुखणे छातीचे आहे, डोके शाबूत आहे. यापूर्वी दुसरे मृत्युपत्र केलेले नाही.

१. माझे यजमान मराठा पलटणीतून लढताना १९४४ साली इटलीत कामी आले. मूलबाळ नाही. सासर कोरेगाव तालुक्यात. पोटासाठी मी वळिवड्याला पोलंडच्या निर्वासितांच्या छावणीत भटारखान्यात राहिले. तिथे हेलेना नावाच्या बाईने मला पाव शिकविला.

२. त्यांचा चाळीस दिवसांचा उपास लागण्याआधी मंगळवारी सण असे. खाणे, सोंगे, नाच. त्यासाठी ती गोड पाव करी. मैदा, अंडी, लोणी, मनुका. खमीर घालून पीठ दुप्पट फुगवायचे. १९४५ साली साखर पुरेना, तेव्हा मी गूळ किसून घातला. तिने चाखले आणि माझे तोंड दोन्ही हातांत धरले. संध्याकाळी पेटी वाजू लागली. मी भिंतीला टेकून उभी होते. तिने कागदाचे लाल फूल माझ्या केसांत खोचले.

"राही, चल. नाच."

"अगं, मी रांडाव बाई."

तिला तो शब्द माहीत नव्हता. तिने हात ओढला. मी नाचले. चोवीस वर्षांची होते.

३. बातमी गावी पोचली. धाकटे दीर हिंदुराव छावणीच्या फाटकाशी येऊन म्हणाले, "पांढऱ्या कपाळानं नाचला. आता आमच्या उंबऱ्याला पाय लावू नगा." यजमानांच्या वाट्याच्या तीस गुंठ्यांचे त्यांनी नाव काढले नाही, मीही मागितले नाही. छावणी उठल्यावर माधवनगरला भट्टी घातली. गिरणीकामगारांनी मला जगविले.

४. गेल्या वर्षी हिंदुराव बेकरीत आले. मागे त्यांची सून शालूबाई, वय बावीस. तिचा नवरा ट्रॅक्टरखाली सापडून गेलेला. बसा म्हटले तरी ते उभेच राहिले.

"वैनी, हिला घरात कुणी हसू देत न्हाई. मलाबी जमत न्हाई. तुमच्याकडं ऱ्हाऊ द्या."

मी विचारले, "भावजी, आणि ही नाचली तर?"

खाली बघत म्हणाले, "नाचू द्या."

तीस वर्षे भांडण घोकून ठेवले होते. मी शालूच्या हातातले गाठोडे घेतले.

५. बेकरी, भट्टी, पत्र्याचे डबे, राहते घर आणि यजमानांच्या वाट्याचे, म्हणून माझ्या हक्काचे, वरील तीस गुंठे शालूबाईस द्यावेत. तिने पुन्हा लग्न केले तरी सर्व तिचेच राहील. पीठ मळताना ती गुणगुणते. तिला गप्प बसवू नये.

६. तो मंगळवार कधी येतो हे मिरजेच्या चर्चमधून विचारून घ्यावे. त्या दिवशी ज्या बायकांना कोणी हळदीकुंकवाला बोलावीत नाही, त्यांना आधी पाव द्यावा, मग गिऱ्हाइकास. गूळच घालावा.

७. हिंदुरावांना काही ठेवलेले नाही. म्हणून ते साक्षीदार चालतात, असे वकील म्हणाले. हिंदुराव म्हणाले, "लय झालं."

८. हेलेनाला काय ठेवू? १९४७ साली ती मुलीला घेऊन गाडीत बसली. तिचा नवरा लढाईत हरवला होता, त्याला शोधायला निघाली होती. तो सापडला की नाही, मला कळले नाही. आता कळणारही नाही. गाडी हलल्यावर खिडकीतून तिने तिच्या भाषेत एक शब्द दोनदा ओरडून सांगितला. इकडे त्याचा अर्थ सांगणारे कोणी उरले नाही. मला तो अजून म्हणता येतो. शालूला शिकविला आहे.

वरील मजकूर वाचून पाहिला, बरोबर आहे. सही स्वहस्ते.

राहीबाई कृष्णात माने

साक्षीदार:
१. हिंदुराव आबा माने, कोरेगाव
२. धोंडुबाई बिराप्पा कोळेकर, माधवनगर (डाव्या अंगठ्याची निशाणी)

सांगली, दिनांक २ मार्च १९७६