आतल्या खोलीचं काचेचं दार

२ मे १९६६, सोमवार
रमाकांतचं लग्न बारा दिवसांवर. आतल्या खोलीला दार नाही, नुसता पडदा. सौ. म्हणते, सून यायच्या आत दार पाहिजे. मान्य. पण दार काचेचं! बुलढाण्याला एका साहेबाच्या बंगल्यात पाहिलं होतं. आतली खोली अंधारी, तिला व्हेंटिलेशन हवं, उजेड हवा. पोरगा आपल्याच सुलतानपूरच्या शाळेत मास्तर आहे. तो आणि सून आमच्याजवळ राहावीत, बाकी मला काही नको. खोली अशी करतो की जन्मात बाहेर पडायचं नाव काढणार नाहीत.

४ मे
तुळशीराम सुतार आला. म्हणाला, गुरुजी, नव्या जोडप्याची खोली हाय, काच काऊन लावता? मी म्हटलं, नवं जोडपं म्हणूनच. तो बराच वेळ डोकं खाजवत बसला. जन्मभर बैलगाडीची चाकं केली, त्याला मॉडर्न डिझाईन काय कळणार.

६ मे
सौ. काहीतरी सांगायला दोनदा आली, दोनदा तोंडाला पदर लावून परत गेली. तिसऱ्यांदा म्हणाली, निदान दुधी काच तरी आणा. दुधीच आणायची तर काच कशाला? साफ नकार.

९ मे, दुपार
चिखलीहून काच आणली. गोधडीत गुंडाळून, एसटीत मांडीवर. पाय अजून बधिर आहेत. कंडक्टरनं विचारलं, देवाचा फोटो हाय काय? म्हटलं, नाही, सुनेच्या खोलीचं दार आहे. अख्खी बस गप्प झाली. कौतुक.

१२ मे
दार बसलं! लावलं की आपोआप उघडतं. दोष भिंतीचा. खाली पाचर ठोकली. शेजारच्या मनकर्णाबाई पाहायला आल्या आणि हसू दाबत पळाल्या. जेलसी.
रमाकांतनं दाराची चौकट आतून-बाहेरून चाचपली. मग म्हणाला, बाबा, आतून कडी? म्हटलं, कडी कशाला? आत कोण आहे ते बाहेरून दिसतंच की.

१७ मे
कार्य पार पडलं. सून पद्मजा गुणी आहे, मान वर करत नाही. सौ.नं सकाळी दारावर आतून लुगडं टांगलं. मी काढलं. दुपारी परत टांगलं. परत काढलं. ह्या घरात प्रगतीला घरातूनच विरोध.
रमाकांत अंगणात झोपतो, पद्मजा सासूजवळ. उकाडाच तसा आहे.

२९ मे
पद्मजा माहेरी, साखरखेर्ड्याला. आठ दिवसांसाठी गेली होती, दहा झाले. रमाकांत सायकलनं सारखा तिकडे. सासुरवाडीचं वेड. आमच्या वेळी असलं नव्हतं.

१४ जून
रमाकांतची बदली! चिखलीला! लग्नाला जेमतेम महिना होतोय तोच! हा निव्वळ अन्याय आहे. यामागे कुणाचा हात आहे ते मला ठाऊक आहे, नाव लिहीत नाही. तीन पानी अर्ज तयार. रमाकांत म्हणतो, जाऊ द्या बाबा. पोरगा भित्रा. मी सोडणार नाही. वेळ पडली तर उपोषण.

१८ जून
शिक्षण खात्याच्या कार्यालयात जाऊन टेबलावर मूठ आपटली. म्हटलं, एकुलत्या एका पोराला बापापासून तोडता?  बाबूनं फाईल उघडून माझ्यापुढे सरकवली. बदलीचा विनंती अर्ज. तारीख १८ मे. कारण: घरी राहण्याची सोय नाही. अक्षर रमाकांतचं. मीच गिरवून घेतलेलं अक्षर, ओळखणार नाही?

घरी येऊन सौ.वर ओरडलो. सोय नाही म्हणजे काय? गावात कुणाकडे आहे असं दार? ती रडायला लागली. म्हणाली, पोरगा बापाले कसं सांगन? सुनेनं तरी काय करावं? साऱ्या गावाले समजलं, तुमाले तेवढं नाही समजलं.

काच उत्तम आहे, हे मी आजही म्हणेन.

पण वाईट वाटलं. फार वाईट वाटलं.

रमाकांत सकाळच्या गाडीनं जाणार. वळकटी त्याला कधीच नीट बांधता येत नाही, म्हणून मी बांधून दिली. मी दोरी ओढली, त्यानं गाठीवर बोट धरलं.