रविवारचे मार्क

राजारामपुरी, कोल्हापूर
१५ जुलै २०२५, मंगळवार

ती. आक्कास,

क्रांतीचा नमस्कार. दाजींना नमस्कार सांग, आणि तुझ्या सासूबाईंना म्हणावं, गुडघ्यांची चौकशी केली आहे.

पत्र बघून दाजी म्हणाले असतील, "ह्या पोरीला काय खूळ लागलं?" पण हॉस्टेलवर मोबाईल चालत नाही. रविवारी रेक्टर मॅडमच्या फोनवरून दहा मिनिटं मिळतात. फोन त्यांच्या टेबलावर, स्पीकर चालू, आणि पाठीमागे वीस-बावीस मुलींची रांग. त्यात कबनूरला लावावा तर तुझ्याकडे यंत्रमागांचा खडखडाट. तू आपली "आँ? मोठ्यांदी बोल की!" मोठ्यांदी बोलण्यासारखं माझ्याकडे फारसं काही नाही. म्हणून पोस्टाचं पाकीट.

माझं बरं चाललंय. पहाटे साडेपाचला घंटा होते. साडेआठपासून दीडपर्यंत तास, परत तीन ते सात. मॅडम म्हणतात केस कापा, विंचरण्यात वेळ जातो. मी नाही कापले. खोलीत जयसिंगपूरची रुचिता आहे. ती जैन आहे, सूर्य मावळायच्या आत जेवते, त्यामुळे तिला ताट लवकर मिळतं आणि गरम मिळतं. पोरगी गुणाची आहे. आईनं दिलेल्या चटणीचा डबा खोलीनं पाच दिवसांत संपवला. रुचितानं त्यात लसूण म्हणून हात लावला नाही, नाहीतर चार दिवसांतच संपला असता.

इथं मार्कांप्रमाणे बसवतात. दर रविवारी सकाळी सातशे वीस मार्कांचा पेपर असतो, डॉक्टरकीच्या परीक्षेसारखाच. त्यावरून सहा बॅचेस. पहिलीला एसी, सहावी गच्चीवर पत्र्याखाली. मला दहावीच्या मार्कांवर दुसरीत घेतलं होतं. आता तिसरीत आहे. तिसरीतले पंखे चांगले आहेत.

सगळं इंग्रजीत आहे. सर ‘अ‍ॅक्सिलरेशन’ म्हणतात, मी मनात ‘त्वरण’ शोधून आणते, तोवर सर दोन गणितं पुढे गेलेले असतात. होईल सवय.

रविवारच्या मार्कांचा मेसेज तुला आला असेलच. वाडीत रेंज नाही म्हणून फॉर्मवर पालकांचा नंबर म्हणून तुझा दिला, तेव्हा मला मजा वाटली होती. त्या मेसेजबद्दल मी काही लिहीत नाही. सुरुवात आहे. आबा टेकावर येऊन तुला फोन करतील, तेव्हा जरा सांभाळून सांग, एवढंच.

तुझी,
क्रांती


राजारामपुरी
२८ ऑक्टोबर २०२५

आक्का,

दिवाळीला तू आली नाहीस. तुझी नणंद येणार होती म्हणून, हे मला माहीत आहे. तरी राग आला. तू असतीस तर तिथंच विचारलं असतं आणि हे पत्र लिहावं लागलं नसतं.

घरी पोचले तर आबा चंदगडच्या स्टँडवर येऊन उभे. माझी बॅग त्यांनी स्वतः डोक्यावर घेतली. वाटेत भेटेल त्याला थांबवून सांगत होते, "आमची डॉक्टरीण आली बघा." घरी शेजारची शालूबाई आधीच येऊन बसलेली. तिनं रक्ताचा रिपोर्ट पुढे केला, म्हणाली, "बघ की गं, काय म्हणतोय." मी अकरावीत आहे, आक्का. मला तो रिपोर्ट कुठल्या बाजूनं वाचायचा तेही कळत नव्हतं. मी म्हटलं, पालेभाजी खा. ती हात जोडून गेली.

मग आई चिवड्याची ताटली देता देता म्हणाली, "चारशे अठरा पडलं म्हणं गेल्या खेपंला. आक्का सांगत हुती."

मला एकशे त्रेसष्ट होते.

मी चिवडा खात राहिले. आई वाट बघत होती. मी म्हटलं, "व्हय."

तुला काय काय बोलायचं ते मी त्या दिवशी मनात पाठ केलं होतं. पण खरी गोष्ट वेगळीच झाली, आणि ती सांगायची लाज वाटते. मला हायसं वाटलं. चार महिन्यांत पहिल्यांदा पोटभर जेवले. चार दिवस मी खरंच चारशे अठरावाली क्रांती होऊन फिरले. आबांनी पंगतीत मला त्यांच्या शेजारी बसवलं, तर मी बसले. नको म्हणाले नाही. 'सांभाळून सांग' असं मीच तुला लिहिलं होतं. म्हणजे खरंच सांग, पण हळू सांग, असं मला म्हणायचं होतं, असं मी आता म्हणते. तेव्हा मला नेमकं काय हवं होतं कोण जाणे.

परत आले आणि एकशे एक्केचाळीस पडले. तू किती सांगितलेस? चारशे तीस?

आता मी पाचव्या बॅचमध्ये आहे. तू समजतेस तसा आळस नाही गं. माझ्याइतकं हॉस्टेलवर कुणी बसत नाही. माझ्या वह्या सगळ्या बॅचमध्ये सुंदर आहेत. फळ्यावरचं एक अक्षर सुटत नाही, आकृत्या पट्टीनं काढलेल्या. मुली माझ्या वह्या झेरॉक्सला नेतात, त्या वाचून माझ्यापेक्षा शंभर मार्क जास्त घेतात, आणि वही परत देताना थँक्यू म्हणतात. मला मात्र पालथ्या घड्यावर पाणी. पेपरात प्रश्न ओळखीचा वाटतो, चार पर्याय ओळखीचे वाटतात, मी एक निवडते आणि तो चुकतो. चुकला की एक मार्क कापतात. असे प्रश्न सोडून हाताची घडी घालून बसले असते तर काही वेळा जास्त मिळाले असते.

सरांना विचारलं. ते म्हणाले, बेसिक कच्चं आहे, शंका घेऊन ये. शंका विचारायला खाली एक टेबल असतं. तिथं रांगेत उभी राहिले, नंबर आला, सर म्हणाले, "विचार." मला काहीच विचारता येईना. कुठपर्यंत समजलं आणि कुठून नाही, तो सांधाच सापडत नाही. सर म्हणाले, "नेक्स्ट."

वाडीच्या शाळेत मी दुसऱ्यांना समजावून सांगायचे, आठवतं? ती मुलगी कुठं गेली ते मी रोज शोधते. शप्पथ.

आबांना खरं सांग. मी सांगू शकत नाही, रविवारी आबा टेकावर येऊन थांबतात, स्पीकरवर त्यांचा आवाज आला की माझ्या तोंडून "बरं चाललंय" एवढंच निघतं. तू सांग.

क्रांती


राजारामपुरी
२० जानेवारी २०२६, मंगळवार

आक्कास,

नमस्कार. तुझं नोव्हेंबरातलं पत्र मी जपून ठेवलंय. तू लिहिलं होतंस, "पुढच्या महिन्यात खरंच तेवढे पाड, म्हणजे खोटं राहायचंच नाही." ते वाचून मी हसले होते, आणि मग खरंच प्रयत्न केला. दोनशे नव्वद मार्कांचं अंतर होतं. डिसेंबरात ते तीनशे वीस झालं.

तू असं का केलंस ते मला कळतं. मला इथं पाठवा म्हणून तू आबांशी पंधरा दिवस भांडलीस. "माझं बारावीनंतर लगीन लावलंसा, हिचं तसं करू नगा," म्हणालीस. मी आत भांडी घासत होते, सगळं ऐकलं. मी नापास झाले तर आबा पहिल्यांदा तुलाच बोलतील. तू मागाच्या कांड्या भरता भरता दर रविवारी तो मेसेज उघडत असशील आणि आबांना कुठला आकडा सांगायचा ते ठरवत असशील. माझ्यामुळे. म्हणून ऑक्टोबरात मी जे रागानं लिहिलं, ते मागे घेते. पण आता एक गोष्ट घडली आहे, आणि ती तुझ्या-माझ्यापुरती राहिलेली नाही.

परवा रविवारी दुपारी आबा आले. न कळवता. बरोबर शालूबाई आणि तिची पूर्णिमा. तिघांचे कपडे ठेवणीतले. मला वाटलं घरी कुणाचं तरी काही झालं. तर आबा म्हणाले, "हिलाबी तुझ्याच क्लासात घालायची म्हंतीया शालूबाई. दहावी झाली की लगीच. म्हटलं, चल, डोळ्यांनी बघून घे."

पूर्णिमा अभ्यासात बरी आहे. मात्र तिला चंदगडलाच राहून नर्सिंगला जायचं होतं. दिवाळीत तिनंच मला सांगितलं होतं, आणि सांगताना काय खूश होती! आता शालूबाईचं म्हणणं एकच: "केरबाच्या पोरीला जमतंय, तर माझ्या पोरीला का जमू ने?"

आबांना सरांना भेटायचं होतं. सर आठवडाभर परगावी होते, देव पावला. मग आबा खालच्या बोर्डापुढे उभे राहिले. तिथं मागच्या रविवारची यादी लावलेली असते. नावं नसतात, फक्त रोल नंबर आणि मार्क, वरून खाली. आबा म्हणाले, "तुजा कुटला, दाव की."

माझा नंबर शेवटच्या कागदावर होता, आक्का. खालून नववा.

मी गळ्यातलं ओळखपत्र उलटं केलं, ओढणीखाली सरकवलं आणि पहिल्या कागदावरच्या चौथ्या नंबरावर बोट ठेवलं. तो रुचिताचा नंबर आहे. चारशे चौतीस.

आबांनी चपला काढल्या. त्या नंबरावर हात ठेवला, मग तोच हात कपाळाला लावला. शालूबाईनं पण लावला. पूर्णिमाला म्हणाली, "पाया पड." तिनं पण हात लावला. तेवढ्यात रुचिता जिन्यावरून उतरत होती. तिनं बघितलं. तिला कळलं. ती परत वर गेली. तेव्हापासून ती माझ्याशी जास्तच चांगली वागते. ते मला सहन होत नाही.

नंतर आबा आणि शालूबाई फॉर्म घ्यायला खिडकीवर गेले. पूर्णिमा आणि मी जिन्यावर बसलो. तिनं हळूच विचारलं, "खरं सांग, क्रांतीताई. मला जमंल? इंग्लिश आयकलं तरी माजं डोकं दुखतंय. तू न्हाय म्हणालीस तर आई आयकंल. तुजंच आयकंल ती."

खिडकी दहा पावलांवर होती. आबा फॉर्म भरून देणाऱ्या माणसाला माझ्याबद्दल सांगत होते. त्यांचा आवाज येत होता.

मी म्हटलं, "जमंल की. न जमायला काय झालं?"

तिनं मान हलवली. तिला बरं वाटलेलं दिसलं नाही, पण तिचा माझ्यावर विश्वास बसला. एवढं मोठं पाप मी अजून केलं नव्हतं. आईला चिवडा खाताना "व्हय" म्हणाले, ते माझं मी भोगणार होते. हे त्या पोरीनं भोगायचं आहे. तिला पहिले दोन-तीन महिने वाटेल की सवय होईल. मग वाटेल आपणच कमी बसतो. मग वह्या सुंदर काढायला लागेल.

आणि ऐक. फॉर्मवर शालूबाईनं नंबर कुणाचा दिलाय? तुझा. आबाच म्हणाले, "आमच्या थोरलीचा घाला, ती समदं नीट कळवतीया." तिचे मार्कही तूच कळवशील. तिचे किती सांगशील?

फॉर्म घरी नेलाय. सही करून येत्या रविवारी, पंचवीस तारखेला, परत आणून द्यायचा आहे. तोपर्यंत काही बिघडलेलं नाही. हे पाकीट तुला गुरुवारी मिळेल, फार तर शुक्रवारी. आबा शनिवारी टेकावर येऊन तुला फोन करतील, तेव्हा शालूबाईला बरोबर घेऊन यायला सांग. दोघांनाही खरं सांग. पूर्णिमापुरतं सांगून भागणार नाही. माझे मार्क सांगितल्याशिवाय शालूबाई ऐकायची नाही. चौथा नंबर माझा नव्हता, हेही सांग.

तू हे पत्र वाचून म्हणशील, मग तूच का नाही सांगत? मी काल रेक्टर मॅडमकडे गेले होते. घरी तातडीनं बोलायचंय म्हटलं. त्यांनी फोन पुढे केला. मी दोन मिनिटं तो हातात धरून बसले आणि परत दिला. वाडीत लागणार नाही म्हटलं. खरं म्हणजे लावलाच नाही. मला आबांच्या कपाळाला लागलेला हात दिसतो.

आबा मला घरी नेतील. नेऊ देत. पुढच्या महिन्यात सुधारेल, बारावीत भरून काढीन, असलं काही मी आता तुला लिहिणार नाही. मला जमत नाही हे मला ऑक्टोबरपासूनच कळलंय, बाकीचे दिवस मी नुसते रेटले. घरी नेल्यावर पुढे काय, तेही मला माहीत नाही. शाळेत पहिली येणं सोडून मला दुसरं काही येत होतं का, हेही मला आठवत नाही. तुला आबा काय बोलतील ते माहीत आहे, आणि त्यानंतर आपल्या घरातून कुठल्याच पोरीला कोल्हापूर दिसायचं नाही. तुझं ते भांडण वाया गेलं. माफी तरी कुठल्या तोंडानं मागू?

वेडंवाकडं काही मनात आणू नकोस. मी जिवाचं काही करणार नाही. रोज जेवते, तासाला बसते, लिहून घेते. फक्त आतून सगळं बंद पडल्यासारखं झालंय.

दाजींना नमस्कार. सासूबाईंना नमस्कार. शनिवारी फोन उचलशील तेव्हा यंत्रमागांपासून लांब जा, म्हणजे आबांना नीट ऐकू जाईल. एकदाच सांगावं लागेल असं सांग. परवाच्या पेपराचा मेसेज तुला आलाच असेल, तरी आकडा माझ्या हातानं खाली लिहून देते. एवढंच वाचून दाखव.

तुझी,
क्रांती केरबा गावडे
सातशे वीसपैकी चौऱ्याण्णव