उचलायचं कसं ते लिही

बऱ्हाणपूर
फेब्रुवारी १९५७

प्रिय निर्मला,

चि. सौ. कां. पासून सुरू केलं तर अर्धा कागद तिथंच संपेल आणि मला तेवढी फुरसत नाही, म्हणून नुसतंच प्रिय. एक काम आहे आणि ते तुझ्याशिवाय कुणाला विचारता येत नाही. मला जड वजन उचलायचं आहे. एकदा नाही, रोज, आणि दिवसातून कितीतरी वेळा. कंबर धरते. मध्यंतरी तर अशी धरली की चुलीपुढून उठताना भिंतीचा आधार घ्यावा लागला. तू तिकडे अमरावतीला स्नायूंचंच शिकतेस ना, मग कोणत्या स्नायूनं उचलायचं, तो कसा वाढवायचा आणि माझ्या वयाच्या बाईचा तो वाढतो तरी का, हे उलट टपाली लिही. माझी कंबर गेली तर या घराचं सगळंच बसेल. वजन कसलं ते सध्या विचारू नकोस.

तुझा तो सोललेला माणूस अजून भिंतीवर आहे. दिवाळीत तू तो तक्ता लावून गेलीस आणि दुसऱ्याच दिवशी मी त्याच्यावर कॅलेंडर टांगलं होतं, कारण हळदीकुंकवाला आलेल्या बायका त्याच्याकडे पाठ करून बसल्या. आता कॅलेंडर काढलंय. दुपारी कामं उरकली की त्याच्यापुढे उभी राहते, एकदा त्याच्या अंगावर बघते, एकदा माझ्या अंगावर हात ठेवते. त्यात बाई का नाही ग? बाईला देवानं नुसती हाडं आणि वर पदर दिलाय का? त्याची नावं वाचताना माझी जीभ अडखळते, म्हणून मी माझीच नावं ठेवलीत. जातं ओढताना खांद्यावरचा गोळा टणक होतो, तो जात्याचा. विहिरीचा दोर ओढताना काखेमागून पाठभर पसरलेला ताणतो, तो दोराचा. मांडीवर पुढं चार भाऊ एकत्र नांदतात, ते उकिडवं बसून उठताना लागतात. आणि सगळ्यांत मोठा कुठे आहे ते बघून मला हसूच आलं. इतकी वर्षं मला वाटायचं, ती जागा देवानं फक्त बसायला दिलीय. तक्त्यावर तर तोच सगळ्यांचा बाप दिसतो. माझ्यात तो असेल तर कुठं झोपून राहिलाय ते विचारायला हवं. लाज सोडून लिहितेय, पत्र मैत्रिणींना वाचून दाखवू नकोस.

कंबर धरली त्या दिवशी पोटातही कळ आली होती. शेजारच्या गोदाबाईंनी बघितलं आणि लगेच निकाल दिला, बेंबी सरकली. त्यांचा हात धरणार कोण? मला उताणं निजवलं, बेंबीवर कणकेचा दिवा ठेवून पेटवला आणि वर तांब्या पालथा घातला. दिवा विझला, तांब्या पोटाला घट्ट चिकटला, आणि बघायला आलेल्या दोघी-तिघी माना डोलवायला लागल्या. मग पायाच्या अंगठ्यांना काळा दोरा बांधला आणि महिनाभर घागरसुद्धा उचलायची नाही असं बजावलं. बेंबी आपल्या जागी आली म्हणतात. आली असेल. कंबर मात्र होती तशीच ठणकत राहिली. आणि महिनाभर उचलायचं नाही हे मला परवडण्यासारखं असतं तर मी त्यांचा दोरा आनंदानं मिरवला असता. खरं म्हणजे कंबर धरली ती मी ओणवी होऊन, हात लांब करून, पाठीनं उचललं म्हणून. तक्त्याकडे बघून एवढं माझं मला कळलं.

तेव्हापासून बैठका काढते. हसू नकोस. स्वयंपाकघराचं दार लावून, पदर खोचून. तालमीतली पोरं काढतात तशा धपाधप नाही, चुलीपुढं बसल्यासारखी हळू खाली जाते आणि टाचा दाबून वर येते. आठवडाभर रिकाम्या हातानं काढल्या, आता ज्वारीची लहान पिशवी छातीशी धरून काढते. पिशवी छातीला चिकटून असली की कंबर बोलत नाही, वीतभर लांब गेली की लगेच ओरडते. असं का, ते लिही. वर येताना श्वास सोडायचा की धरून ठेवायचा, तेही लिही. धरून ठेवला तर खाली ओटीपोटात दाब येतो आणि मला भीती वाटते. तुझ्या बाळंतपणात पोटाची पुढची भिंत सैल पडली ती पडलीच, तिला पुन्हा ओढ येते का? पाळीही आता धड राहिली नाही, दोन महिने येत नाही, मग येते. अशा दिवसांत व्यायाम चालतो का? गोदाबाईंना विचारलं तर त्या दुसरा दोरा काढतील.

इकडची खबर विशेष नाही. नोव्हेंबरपासून तू मुंबई राज्यात आणि आम्ही मध्य प्रदेशात, एवढंच. नागपूरकडे जाणारे कागद आता भोपाळकडे जातात, कचेरीत सगळे हिंदीत अर्ज लिहायचा सराव करताहेत. पत्रावर पत्ता अण्णांच्या अक्षरात नाही म्हणून तू मागं रुसली होतीस. त्यांचा उजवा हात जरा दुखतो, म्हणून हल्ली पत्ता मीच लिहिते. माझं अक्षर पोस्टमनला लागतं हेच नशीब.

आता वजनाचं नीट सांगते, म्हणजे तुला उत्तर देता येईल. पोतं जागेवर राहतं, हे वजन राहत नाही. एका बाजूला अगदी ढिलं पडतं आणि मला ओढून घेतं. खाटेवरून उचलून खुर्चीत ठेवायचं, खुर्चीतून मोरीपर्यंत न्यायचं, आणि परत. काखेखाली हात घालून ओढलं तर खांदा निखळेल अशी भीती. आता मी कंबरेभोवती जुनं लुगडं गुंडाळते आणि ते धरते, माझा गुडघा समोरच्या गुडघ्याला टेकवते, पाठ सरळ ठेवते आणि मांड्यांवर उठते. सोमवारी पहिल्यांदा एका दमात उठवलं आणि कंबरेला कळलंसुद्धा नाही. मला इतका आनंद झाला की मी मोरीच्या दारात उभ्या उभ्या रडले. मंगळवारी मात्र पाय घसरला आणि दोघंही खाली बसलो. लागलं नाही कुणाला.

तू वेडी नाहीस, एव्हाना कळलं असेल तुला. संक्रांतीनंतर अण्णांना लकवा झाला. उजवी बाजू गेली, बोलणं उमटत नाही. डॉक्टर म्हणतात बसवत राहा, उभं करत राहा, नुसतं पडू दिलं तर पाठीला जखमा होतील आणि मग काही खरं नाही. मोरीला जायचं तर दुसऱ्या कुणाचा हात ते लावून घेत नाहीत, मधुकरकाकांचाही नाही. काका म्हणतात हे एकट्या बाईचं काम नाही, मुलगी कशाला आहे, तिला बोलवा. ते खंडव्याला गेलेत, परवा परत आले की तुला तार करणार आहेत, आणि ती तुझ्या हाती पडायच्या आधी हे पडावं म्हणून आज लिहितेय. तू येऊ नकोस. एप्रिलमध्ये परीक्षा आहे. राज्यं दोन झाली, आता एकदा तिथलं नाव कमी केलं तर इकडच्या मुलीला तिकडे पुन्हा कोण घेईल याचा काही भरवसा नाही. आणि हे एकट्या माझ्या मनानं लिहीत नाही. काकांनी तारेचं काढलं तेव्हा अण्णांनी डाव्या हातानं त्यांचं धोतर धरलं आणि नको नको अशी मान हलवत राहिले, काकांनी विषय सोडला तेव्हा कुठं हात सोडला. काकांना वाटतं आजारानं डोकं चालत नाही. मला माहीत आहे ते चालतं. तुझी आठवण त्यांना येते, मलाही येते, खोटं कशाला सांगू? दुपारी दाराशी खुर्चीत बसवते तेव्हा पोस्टमन येईपर्यंत आत यायला तयार नसतात. तार आली की रडायचं तर रड, पण ट्रंक भरू नकोस. मी विचारलेलं तेवढं लगेच लिही, उद्या सकाळीही मला त्यांना उठवायचं आहे.

तुझीच,
आई