तोंडावरचा हात

छुमे, बुमथांग, भूतान

चि. सेल्डेनला अपाचे पुष्कळ आशीर्वाद.

तुझी तब्येत ठणठणीत असावी, पर्थचं ऊन जरा उतरलं असावं आणि रात्रपाळीनंतर तू नुसत्या पावावर निजत नसावीस, एवढ्यासाठी देवळात तुपाचा दिवा लावून आलो. इकडे सर्व क्षेम. तुझी आई, गाय आणि मी, तिघांचेही गुडघे दुखतात. पैकी गाय तक्रार करत नाही.

मी सुखरूप पोचलो हे कळवायला हे पत्र. (फोनवर सांगितलं होतं, पण फोन आईच्या हातात होता, त्यामुळे माझं सांगणं 'हो' एवढ्यावरच संपलं.) सुखरूप, पण अर्धा रस्ता उपाशी. झालं असं, पर्थहून विमान सुटल्यावर एक हसऱ्या चेहऱ्याची बाई जेवणाची गाडी ढकलत आली आणि तिने मला काहीतरी विचारलं. वास कोंबडीचा होता. पण मी चांगल्या घरातला माणूस, लगेच हात पसरणार थोडाच! रीतीप्रमाणे तोंडावर हात धरला, 'मेशु, मेशु, नको नको' म्हणालो आणि दुसऱ्या आग्रहाची वाट बघत बसलो. तिने माझ्याकडे काळजीने पाहिलं आणि ताटाऐवजी ओकारीची कागदी पिशवी हातात ठेवली. मग चहा आला. पुन्हा तोंडावर हात, पुन्हा पिशवी. शेजारचा गृहस्थ हळूच उठून मागे जाऊन बसला. (जाताना स्वतःचं ताट नेलं. माझ्याकडे ठेवलं असतं तरी चाललं असतं.) त्या पिशव्यांत आईने आता मिरचीचं बी भरून ठेवलंय.

बँकॉकहून आपलं विमान. त्यातली पोरगी आपल्या पूर्वेकडची, बोलण्यावरून ओळखलं. तिने विचारलं, मी तोंडावर हात धरला. ती जागची हलली नाही. "असं कसं अपा, थोडं तरी घ्या." मी पुन्हा नको म्हटलं. तेव्हा तिने विचारणं सोडलं आणि सरळ ताट पुढ्यात मांडलं, वर थोडा भात जास्तीचा. भात गार होता, एमा-दात्शीच्या चीजच्या कालवणात मिरच्या तान्ह्या मुलाला द्याव्यात एवढ्याच होत्या, पण सेल्डेन, माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. मी मिरच्यांवर ढकलून मोकळा झालो. डोंगर अजून दिसायचे होते, तरी घरी आल्यासारखं वाटलं. आणि नेमकी त्याच घासाला तुझी आठवण आली. विमानतळावर तूही म्हणाली होतीस, अपा, राहा की अजून थोडे दिवस. मी नको नको म्हटलं. तू लगेच बॅग उचलून काट्यावर ठेवलीस. मी तिचा पट्टा धरून जरा वेळ उभा होतो. तुला वाटलं असेल, म्हाताऱ्याला वजनाची काळजी.

त्या उपासाची अशी धास्ती बसली की पारोहून निघाल्यावर टॅक्सीवाल्याने डोमाचा विडा पुढे केला तो मी पहिल्याच विचारण्याला तोंडात टाकला. त्याने गाडीचा वेग कमी करून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "बरीच वर्षं बाहेर होता वाटतं?" पुढचा घाट चढेपर्यंत मी पानाशिवाय कशाला तोंड लावलं नाही.

घरी आई कुट्टूची धिरडी करत होती. माझी विचारपूस राहिली बाजूला, पहिला प्रश्न हा, की पोरगी लोछोला येणार ना. मी सांगितलं, घरच्या वार्षिक पूजेला ये म्हणून विचारलं होतं, पण सुट्टी नाही म्हणाली. कितीदा विचारलंत? एकदा. तिने तव्यावरचं धिरडं करपू दिलं आणि उलथणं माझ्याकडे रोखलं. मग म्हणाली, "दारावरून जाणाऱ्या परक्या माणसालाही आपण तीनदा आग्रह करतो. आणि पोरीला एकदाच?" मी म्हटलं, तिकडे एकदाच विचारायची पद्धत आहे.

"ती कधी झाली तिकडची?"

ते करपलेलं धिरडं मला मिळालं, आणि मी ते नको न म्हणता खाल्लं.

असो. कामात लक्ष दे. आमची काळजी करू नकोस आणि यायची तर मुळीच घाई करू नकोस. आम्ही दोघं मजेत आहोत.

तुझा,
अपा

ता. क. आईने तुझ्यासाठी लोकरीचं नवं पांघरूण विणलंय, लाल आणि पिवळं. टपालाने पाठवत नाही, वाटेत हरवतं म्हणते. येऊन घेऊन जा असं काही ती म्हणालेली नाही.

दुसरा ता. क. वर 'मुळीच घाई करू नकोस' लिहिलंय ते रीतीचं आहे, मनावर घेऊ नकोस. मजेत आहोत हेही तसंच. तुझी खोली झाडून ठेवली आहे आणि संध्याकाळी आम्ही दोघं उगाच तिथेच जाऊन बसतो. बाळ, लोछोला घरी ये. हे मी दुसऱ्यांदा विचारतोय. तू नाही म्हणशील, म्हण; चांगल्या घरातली मुलगी आहेस. तिसऱ्यांदा आई फोनवर विचारेल. तेव्हा मात्र तोंडावरचा हात काढ.