कोपऱ्याच्या खिडकीचं काय करू

बाबा, आणि वरून तुमचा तो नियम! या घराच्या लाकडाले खिळा लागता कामा नये, स्क्रू लागता कामा नये, कोणी बोट लावलं तरी आधी विचारायचं. कोणाले विचारायचं? तुम्ही गेले निघून आणि नियम ठेवला माझ्या डोक्यावर. आजोबांनी हे घर बांधलं तेव्हा खालून बैलगाडी जायची, सायकलरिक्षा जायची, म्हणून त्यांनी रस्त्याच्या अंगानं खिडक्याच खिडक्या काढल्या, हवा खायले. आता या आणि खा हवा. तुम्ही होते तोपर्यंत रायपूर म्हणजे मध्यप्रदेशातलं एक गाव होतं, दुपारी रस्त्यात कुत्रं झोपायचं. आता राजधानी झाली. गोल बाजाराकडे जाणारं प्रत्येक वाहन माझ्या पलंगाखालून जाते असं वाटते. बस, ऑटो, साहेबांच्या सायरनवाल्या गाड्या, बुलेटवर फटाके फोडणारे पोट्टे, लगनसराईत डीजे. आणि तुमच्या त्या सागवानी खिडक्या, रंगीत काचा, लाकडी पट्ट्यांची झडपं, दिसायले काय सुंदर! पण पट्ट्यापट्ट्यातून हॉर्न आत येते.

माझं काही नाही, मले सवय आहे. गोष्ट तुमच्या नातीची आहे. तुम्ही गेले तेव्हा ती पाटीवर रेघोट्या ओढत होती, आता शहराबाहेर वसवलेल्या नव्या राजधानीत ऑफिसात जाते, तिकडेच फ्लॅट आहे तिचा, आणि तिले दिवस गेले आहेत. पहिलं बाळंतपण. मी डिंक आणला, अळीव आणले, तुपासाठी साय जमवून राहिली, आणि ही फोनवर मले हिंदीत सांगते, "मम्मी, वहाँ इतने हॉर्न में बेबी सोएगा कैसे? मैं यहीं रहती हूँ, आप आ जाना." आप आ जाना! म्हणजे मी पाहुणी होऊन जाऊ आणि तिच्या सासूले विचारून विचारून लाडू वळू? मी म्हटलं, पोट्टे, मी या घरात कोपऱ्याच्या खोलीत झाली, तू त्याच खोलीत वाढली, तुझं लेकरू आणखी कुठं जाईन? तर म्हणे, "आप पहले वो आवाज़ बंद करवाओ, फिर मैं आती हूँ." बोलली ती रागात, पण मी शब्द पकडला. ठीक आहे, म्हटलं. बंद करून दाखवते.

आधी माझ्या अकलेनं केलं. सगळ्या खिडक्यांवर गोधड्या टांगल्या. आवाज तेवढाच राहिला, उजेड तेवढा गेला, आणि गोधड्यांमागं मच्छरांनी संसार मांडला. मग भनपुरीहून काचवाला बोलावला. त्यानं खिडक्यांकडे असं पाहिलं जसं दुकानदार सडक्या टमाट्याकडे पाहते. "दीदी, ये सब कबाड़ है. निकाल के फेंको, एल्युमिनियम की स्लाइडिंग लगवाओ." मी त्याले चहा दिला होता, तो कप परत घेतला. म्हटलं, भैया, हे कबाड तुझ्या आजापेक्षा म्हातारं आहे, आधी नमस्कार कर. तो हसला बिचारा आणि खरंच हात जोडले, मग मी चहा परत दिला.

उपाय पोरीनंच फोनवर पाठवला, चित्रासकट. जुनी खिडकी आहे तिथंच राहू द्यायची, आतल्या बाजूनं दुसरी खिडकी उभी करायची, जाड काचेची. आपल्या भिंती हातभर जाड, त्या भिंतीच्या पोटातच तिची चौकट बसते, लाकडाले हातही लागत नाही. पहिली काच काचवाल्यानं जुन्या झडपांच्या नाकाले नाक लावून बसवली, तर हॉर्न जशाचा तसा. पोरगी फोनवरून ओरडली, "भैया, बीच में जगह छोड़नी पड़ती है!" मग त्यानं ती काढली, वीतभर आत घेतली, चारही बाजूंनी रबर घातलं, कडी लावली. खालून बस गेली. बाबा, मले दिसली, ऐकू नाही आली. मी उघडून पाहिलं, धाडधाड. बंद केली, काहीच नाही. इतक्या वेळा उघडबंद केली की काचवाला बिजागरीकडे पाहत म्हणाला, "दीदी, कब्ज़ा आज ही टूट जाएगा."

तुमच्या जावयाले तर तुम्ही पाहायले पाहिजे होतं. एवढ्या वर्षांत आम्ही दोघं ओरडूनच बोलत आलो, मीठ मागायचं तरी ओरडून. काचा लागल्यावर पहिल्या जेवणाले ते ओरडले, "वरण वाढ!" आणि आम्ही दोघंही दचकलो. मी म्हटलं, अहो, काहून ओरडता, मी इथंच बसली आहे. ते हळूच म्हणाले, "वरण वाढ." एवढं हळू त्यांनी मले लग्नानंतरच्या पहिल्या महिन्यातच म्हटलं असेल. मले हसू आलं, त्यांनाही आलं, वरण तसंच थंड झालं. आता समजते की ते आंघोळ करताना गुणगुणतात. मले माहीतच नव्हतं.

पण शांतता अंगावरही आली. छेरछेराच्या दिवशी, पौष पुनवेले, पाऱ्या-मोहल्ल्यातली लेकरं दारोदार धान मागायले निघाली. तुम्ही तर त्या दिवशी सकाळपासून सूप भरून बसायचे. नागपूरकडचे पाहुणे तुम्हाले हसायचे, म्हणायचे हा तर पुरा छत्तीसगढी झाला, आणि तुम्ही म्हणायचे, "हव, झालो!" तर लेकरं आपल्या दाराखाली उभं राहून ओरडली, ओरडली, आणि आम्ही वरती काचा लावून मजेत लाडू खात होतो. कोणी ऐकलंच नाही. शेजारीण आली धावत, "क्या दीदी, राजधानी वाली हो गई क्या? बच्चे खाली झोला लेके लौट गए!" बाबा, मी सूप घेऊन उघड्या पायानं त्यांच्यामागं धावली. चौकाच्या पुढं गाठलं. लेकरं हसून हसून लोळली, म्हणाली, आता उलटं झालं, मायच आपल्यामागं धावून राहिली! मी सगळ्यांच्या झोळीत दोन दोन वेळा घातलं. त्या दिवसापासून दिवसा एक काच उघडी ठेवते. उघडता येते, म्हणून तर ती काच चांगली.

आता मुद्द्यावर येते. सगळ्या खिडक्या झाल्या, कोपऱ्याची राहिली. तुमची. तिथं भिंतच नाही, नुसते सागवानाचे खांब आणि मध्ये खिडकी. चौकट उभी करायची तर खांबालेच स्क्रू मारावे लागतात. चिकटवून पाहिलं, सुटून आलं. आणि एक खिडकी अशी राहिली की बाकीच्यांचा काय उपयोग, सगळा रस्ता तिच्यातून आत शिरते, आणि बाळंतिणीची खोली तीच. ऊन तिथंच येते.

मले तुम्ही आठवता त्या खिडकीपाशी. मी लहान होती, आरशात वेणी घालायची होती, उजेड तिथं चांगला, म्हणून खांबाले खिळा ठोकला. तुम्ही रेल्वेच्या ड्यूटीवरून घरी येता, टोपी काढता, खिळा पाहता. मारत नाही. पकडीनं खिळा काढता, भोकात मेण आणि लाकडाचा भुसा भरता, मग माझ्या हातात अळशीच्या तेलाची चिंधी देता. म्हणता, "तुह्या कानाले भोक पाडलं तेव्हा तू सारा मोहल्ला डोक्यावर घेतला होता. ह्याले ओरडता येत नाही, म्हणून काहीही करशीन काय?" मी फणकाऱ्यानं तेल घासत राहते आणि तुम्ही मागं उभे राहून वेणी घालून देता, वाकडी. आणि पोरगी झाली तेव्हा तुम्ही कोणाले न सांगता आपली गादी गुंडाळली, ती खोली मले दिली, आणि झोळीची दोरी त्या दोन खांबांले अशी बांधली की ओरखडा नाही उमटला. दिवसभर दोरी हलवत बसायचे. शेवटी तुम्हीच झोपायचे, पोरगी जागीच राहायची.

मी चौथीपर्यंत शिकली, एवढं लिहायले मले दोन दुपारी लागल्या. हे कुठं पाठवता येत नाही, मले समजते, मी वेडी नाही. लिहून झालं की घडी करून मसाल्याच्या डब्याखाली ठेवीन. काचवाल्याले मी सोमवारचं सांगून टाकलं आहे, पोरगी बुधवारी येऊन राहिली आहे, तिनं कपडेही भरले. तेव्हा खरं सांगते, स्क्रू मी मारणारच आहे. परवानगीसाठी नाही लिहून राहिली. या घरात मले रागावणारं आता कोणी उरलं नाही, हे कोपऱ्याच्या खोलीत झाडू मारताना एकदम ध्यानात आलं. जे बोलायचं ते बोला, जोरात बोला, मी ती खिडकी उघडीच ठेवते. पण रविवारच्या संध्याकाळपर्यंत. सोमवारी मी ऐकणार नाही.