हसण्याची वेळ : ११.१० ते ११.२५

सोमवार, २५ ऑगस्ट

वीस वर्षांपूर्वी तपासणीला आलेले एक साहेब दारातच थबकून म्हणाले होते, "टीचर, तुमच्या वर्गात मुलं आहेत हे आत डोकावल्याशिवाय कळत नाही." एवढं कौतुक माझं नोकरीत पुन्हा कुणी केलं नाही.

आज ते आठवायचं कारण आहे. पहिलीच्या टीचर ओणमच्या सुट्टीनंतर बाळंतपणाच्या रजेवर चालल्या. वर्ग कुणाला द्यायचा? आमच्या हेडमिस्ट्रेस रोसम्मा टीचर म्हणाल्या, "हा आठवडा बघू. चिमणी पोरं जिच्याकडे आपणहून जातील, वर्ग तिचा."

म्हणजे माझाच. दुसरी उमेदवार रमीसा. वय सव्वीस. खडू हरवते, हजेरीपट हरवते, मुलांबरोबर फरशीवर बसते.

मला पहिली हवी, कारण शिस्तीचा पाया तिथे पडतो. माझी चौथीची मुलं हात धरून चालत नाहीत, हा मुद्दा नाही. मुलगा बंगळुरूला गेल्यापासून घरीही कुणी धरत नाही, हाही मुद्दा नाही.

ओणमच्या आठवड्याची प्रमुख मी. संकल्प : मुलांसमोर रोज हसायचं. टाइमटेबलात लिहून टाकलं. ११.१० ते ११.२५.

मंगळवार, २६ ऑगस्ट

फुलांची रांगोळी. पहाटे कंपास घेऊन आठ वर्तुळं आखली. एकही पाकळी रेषेबाहेर नाही. पहिलीच्या मुलांनी तीन फुटांवरून आनंद घ्यावा अशी सूचना दिली. त्यांनी अर्धं मिनिट घेतला.

मग सगळी पळाली. रमीसानं पाण्याच्या टाकीमागे जास्वंद आणि पपईची पानं फेकून काहीतरी केलं होतं. ती म्हणे बेडूक. मुलं म्हणे डायनोसॉर. मला तर सांडलेला कचरा वाटला.

११.१० ला हसले. पहिलीतली नक्षत्रा जवळ येऊन म्हणाली, "टीचर, दात दुखतोय?"

काळजी करते. म्हणजे लळा लागतोय.

बुधवार, २७ ऑगस्ट

डोळे बांधून मटका फोडणे. सुरक्षितता महत्त्वाची म्हणून आधी नियम वाचले. एकूण चौदा. अकराव्या नियमाला डोळे बांधलेला मुलगा म्हणाला, "टीचर, सकाळ झाली का?" बाराव्याला घंटा झाली.

एकही अपघात नाही. मटकाही शाबूत.

शाळा सुटल्यावर रमीसानं तोच मटका आंब्याला टांगला. नियम एकच : काठी सोडायची नाही. पाणी तिच्याच डोक्यावर पडलं. "अय्यो, मेले!" म्हणून किंचाळत होती. हसण्याचा आवाज स्टाफरूमपर्यंत. मी खिडकी लावून घेतली. उकडत होतं, तरी.

गुरुवार, २८ ऑगस्ट

बळीराजाची मिरवणूक. ओणमला तो पाताळातून प्रजेला भेटायला येतो. दरवर्षी बेकरीवाले थंकच्चन राजा होतात, पोट सोडून, ताडपत्राची छत्री घेऊन. यंदा मी बदल केला. सुटलेलं पोट मुलांसमोर चुकीचा आदर्श ठेवतं. शिपाई सुकुमारनला उभं केलं. वजन अठ्ठेचाळीस किलो. मुकुट गळ्यात उतरला. मिशी एका बाजूनं सुटली.

मग नक्षत्रा म्हणाली, "राजाला पाताळात जेवायला देत नाहीत?" आणि रडायला लागली. तिचं बघून बाकीची. दोघींनी डब्यातली इडली आणून राजाच्या हातात दिली. त्यानं खाल्ली, हे मला आवडलं नाही.

तेवढ्यात थंकच्चन केळ्याचे वेफर्स पोचवायला आले. आपणहून छत्री उचलली, पोट पुढे काढलं, "माझी प्रजा कुठाय रे?" अशी आरोळी ठोकली. सगळी शाळा त्यांच्यामागे. पुढे नाचायला रमीसा.

सुकुमारन म्हणाला, "टीचर, पुढच्या वर्षी मला झाड करा."

११.१० चं हसणं राहून गेलं. उद्या भरून काढीन.

शुक्रवार, २९ ऑगस्ट. सकाळी ११.४०

आज केळीच्या पानावर ओणमचं जेवण. पालक, आज्या, सगळे येणार. पहिलीच्या पंगतीची जबाबदारी मागून घेतली. मुलांना जेवण झाल्यावर पान दुमडायला शिकवीन. वरची बाजू आपल्याकडे. उलटं, म्हणजे आपल्यापासून पलीकडे, दुमडतात ते मयताच्या जेवणात. एवढं जमलं की वर्ग माझा.

संध्याकाळी ४.१५

शेवटचं पायसम, म्हणजे खीर, खाऊन झालं. पंगतीसमोर टेबल लावून मी उभी राहिले. सांगितलं, "माझ्याकडे बघा. मी करते तस्संच करायचं. बोटभर फरक नको." वरची कड उचलली, आपल्याकडे आणली, दुमडली.

अठ्ठावीस मुलांनी माझ्याकडे बघितलं. समोरून. माझी वरची कड म्हणजे त्यांच्या बाजूची कड. त्यांनी आपापल्या पोटाजवळची कड उचलली आणि पलीकडे दुमडली. एकदम. बोटभर फरक नाही. माझ्या अख्ख्या नोकरीत इतकं कुणी ऐकलं नव्हतं.

एक आजी ओरडली, "अगं बाई, कोण गेलं?"

थंकच्चन म्हणाले, "बळीराजाच, कालचा!"

शाळा हसायची थांबेना. रोसम्मा टीचर डोळे पुसत होत्या. मीही हसले, वेळ गेलेली असूनही. माझ्याच कार्यक्रमात एवढं हसू, हे नोंदवून ठेवते.

नक्षत्रा मात्र हसत नव्हती. ओठ बाहेर काढून म्हणाली, "टीचरनी केलं तसंच केलं." खरं होतं. मी काहीतरी बोलायला हवं होतं. मी टेबलामागे उभी होते.

रमीसा येऊन तिच्या शेजारी मांडी घालून बसली. आपलंही पान पुढे घेतलं. "बघ, आता माझ्याबरोबर." एक कड, दोन हात. मग शेजारच्यानं बघितलं, मग त्याच्या शेजारच्यानं. अठ्ठावीस पानं उलगडली आणि नीट मिटली. रसम सांडलं. कुणाला काही वाटलं नाही.

हात धुवायला जाताना नक्षत्रानं रमीसाचं बोट धरलं. न विचारता.

रोसम्मा टीचर मला एवढंच म्हणाल्या, "लतिके, समोर उभी राहून दाखवलंस गं." वर्गाचं काही बोलल्या नाहीत. बोलायला उरलं काय?

शनिवार, ३० ऑगस्ट

सुट्टी. रोसम्मा टीचरांना सहा मुद्द्यांचा अर्ज लिहिला. पहिला मुद्दा शिस्त. सहावा लिहिताना लक्षात आलं, सहाही मुद्द्यांत एकाही मुलाचं नाव नाही. फाडला.

मग रमीसाला चिठ्ठी लिहिली. ती नाहीच म्हणणार. जूनमध्ये नवीन आली तेव्हा तिनं विचारलं होतं, "लतिका टीचर, शिकायला म्हणून तुमच्या वर्गात मागे बसू का?" मी म्हटलं, जागा नाही. चार बाकं रिकामी होती, आणि ती तिला दिसत होती.

तरी लिहिलं :

रमीसा, सुट्टीनंतर माझ्या चौथीला रोज शेवटचा तास खेळाचा असतो. तेवढा वेळ मी पहिलीत येऊन बसू का? शिकवणार नाही. बोलणार नाही. मुलांच्या रांगेत, खाली बसेन.